दुसरी प्रत

एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं दुकान म्हणजे त्याच्या स्कूटरची डिकी आणि पाठीवरची बॅग. जेट पंप, गेज, दोन-तीन कपॅसिटर, पान्यांचा संच, टेप. गल्ला नाही, टेबल नाही, हिशेबाला बसणारा माणूस नाही. आउटडोअर युनिट धुऊन ओल्या हातांनी तो हॉलमध्ये येतो, घरातलं कुणीतरी विचारतं, "किती झाले?", आणि पुढच्या दोन मिनिटांत धंद्याचा सगळा कागदोपत्री कारभार उरकायचा असतो. आरओवाला, वॉशिंग मशीनवाला, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बघणारा, सगळ्यांची गत तीच. बिल बुक बाळगावं की मोबाइलवर बिल करावं, याचं उत्तर या दोन मिनिटांत टिकलं पाहिजे.

या विषयावर बोलताना लोक बहुधा ग्राहकाच्या हातात काय पडतं तेवढंच बघतात. छापील बिल दिसायला बरं, पीडीएफ आधुनिक, वगैरे. ग्राहकाची प्रत दिली की संपली. धंदा चालतो तो आपल्याकडे राहिलेल्या प्रतीवर. जीएसटीच्या नियमांतही सेवेच्या बिलाच्या दोन प्रती सांगितल्या आहेत, मूळ प्रत ग्राहकाला आणि दुसरी आपल्याला. माल विकला तर तीन, कारण मधली वाहतूकदाराची. दुरुस्तीवाल्याला या दुसऱ्या प्रतीने काही साधे प्रश्न सोडवून द्यावे लागतात. या घरात कपॅसिटर कधी बसवला आणि त्याची वॉरंटी संपली का? सोसायटीच्या ऑफिसकडून किती येणं आहे? या तिमाहीत कर किती भरायचा? मागच्या मार्चमध्ये सर्व्हिस केलेल्यांना या मार्चमध्ये फोन कुणी करायचा? कागद की मोबाइल, हे मी तरी या प्रश्नांवरून ठरवीन.

आधी कागद, कारण त्याची बाजू आजकाल कुणी नीट मांडत नाही. बिल बुक छापायला टाकताना ५० सेट, दोन प्रती, असं सांगतात. जुन्या पद्धतीच्या बुकात मध्ये कार्बन घालावा लागतो. आता बहुतेक ठिकाणी कार्बनलेस कागद मिळतो. त्याच्या वरच्या पानाच्या पाठीला सूक्ष्म कुप्यांत रंगहीन रंजक भरलेलं असतं आणि खालच्या पानाच्या तोंडाला मातीसारख्या पदार्थाचा लेप. पेनाचा दाब पडला की कुप्या फुटतात, दोन्ही एकत्र येऊन अक्षर उमटतं. कुपी फुटायला दाब पुरतो, मग तो पेनाचा असो की बॅगेतल्या पान्याचा. म्हणून हत्यारांच्या कप्प्यात ठेवलेल्या बुकाच्या दुसऱ्या प्रती निळ्या डागांनी भरतात. बुकाला वेगळा कप्पा हवा, शक्यतो पाठीला लागून असलेला. लिहिताना पुठ्ठ्याची पट्टी चालू सेटच्या खाली सरकवायची. ती विसरली की आजचा आकडा पुढच्या तीन बिलांवर पुसट उमटतो आणि वर्षाअखेरीस हिशेबनीस डोकं धरून बसतो. पेन बॉलपेनच हवं. जेल पेन हलक्या हाताने चालतं, त्यामुळे खाली काही उतरत नाही, आणि जुलैच्या पावसात वरचंही वाहून जातं.

छपाईची ऑर्डर देताना सर्वांत जास्त घोळ होतो तो क्रमांकाचा. छापखान्यात जुना नमुना टाकून "हेच छापा, दहा बुकं" एवढंच सांगितलं, तर नवीन बुकं पुन्हा १ पासून येऊ शकतात. त्याच आर्थिक वर्षात १ ते ५०० आधीच फाडून झालेले असले तर प्रत्येक क्रमांकाची दोन बिलं बाजारात फिरू लागतात. नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक ओळीने असावा, त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये आणि १६ अक्षर-अंकांच्या आत बसावा. अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. 'ए/२६-२७/०००१' हा नमुना १२ जागांत बसतो. त्यातलं 'ए' महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढे येऊ. ऑर्डरच्या कागदावर सुरुवातीचा आणि शेवटचा क्रमांक लिहून द्यायचा आणि बुकं ताब्यात घेताना पहिलं आणि शेवटचं पान उघडून बघायचं.

चुकलेलं बिल फाडून फेकू नये. दोन्ही प्रती बुकातच ठेवून त्यावर तिरकी रेघ मारायची, 'रद्द' लिहायचं आणि सही करायची. विक्रीच्या जीएसटीआर-१ या विवरणपत्रात कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत बिलं झाली आणि त्यांतली रद्द किती, याचा वेगळा तक्ता असतो. मधलं एक पान गायब असेल तर ते रद्द होतं की पैसे घेऊन बिल दडवलं, हे कुणाला पटवून देणार? याच कारणासाठी अंदाजपत्रक बिल बुकावर करू नये. "पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) गेलाय, साडेचार हजार लागतील" हे लिहून द्यायचंच असतं, ते युनिट पूर्ण खोलायच्या आधी द्यावं. पण ग्राहक "यांना विचारून सांगते" म्हणाला की ते पान वाया जातं. अंदाजाला साधा पॅड किंवा ॲपमधलं कोटेशन. दुरुस्तीच्या धंद्यातली निम्मी भांडणं बिलावरची नसतात, आधी रक्कम न सांगितल्याची असतात.

आता कागदाची खरी गोची. ग्राहकाशी ठरतात सगळे मिळून २,५०० रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर दुरुस्तीच्या सेवेवर १८ टक्के. बिलावर कर वेगळा दाखवायचा म्हणून पठ्ठ्या २,५०० चे १८ टक्के काढतो, ४५० येतात, उरलेले २,०५० मजुरी म्हणून लिहितो. हे चूक आहे. रक्कम करासहित असेल तर आधी १.१८ ने भागायचं: २,११८.६४ रुपये करपात्र रक्कम, त्यावर केंद्राचा ९ टक्के १९०.६८ आणि राज्याचा तेवढाच, एकूण ३८१.३६. म्हणजे त्या एका बिलात ६८.६४ रुपये जास्तीचा कर दाखवला गेला, आणि दाखवला की भरावा लागतो. मे महिन्यात दिवसाला सहा-सात बिलं धरली तर याचं काय होतं ते सांगायला नको. मोबाइलवरचं ॲप 'करासहित' ही खूण केली की हा भागाकार स्वतः करतं. एवढ्या एका सोयीसाठी कुणी मोबाइलकडे वळला तर मी त्याला दोष देणार नाही. कागदावरच राहायचं असेल तर ५००, ८००, १,२००, १,५००, २,५०० अशा नेहमीच्या रकमांचा कोष्टक करून बुकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवावा.

नोंदणीच नसेल तर हा प्रश्न उरत नाही. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते. निव्वळ माल विकणाऱ्यांची मर्यादा ४० लाख आहे आणि ती ऐकून बरेच जण निर्धास्त असतात. पण मजुरी लावणारा त्या ४० लाखांत बसत नाही. शिवाय २० लाखांत सुट्या भागांची विक्रीही येते आणि त्याच पॅनवरचे बाकीचे धंदेही येतात. महिन्याला सरासरी १ लाख ६६ हजार ओलांडत असतील तर डोळे उघडे ठेवावेत. नोंदणी नसताना बिलावर कर म्हणून एक रुपयाही लावता येत नाही. कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांना उलाढालीवर ठरावीक दराने कर भरू देणारी योजना, घेतली असेल तरी कर वेगळा दाखवता येत नाही. बिलाऐवजी 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं आणि त्याच्या माथ्यावर आपण कंपोझिशनमध्ये आहोत आणि कर वसूल करायला पात्र नाही, ते छापायचं. जुन्या ॲपमध्ये हे वाक्य आपोआप येईलच असं नाही, छापखान्यात तर सांगितल्याशिवाय येतच नाही.

इथे एक गैरसमज मध्येच काढून टाकतो. "ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालंय" असं सांगून छोट्या कारागिरांना ॲपची वर्गणी विकतात. ज्याला कायदा ई-इन्व्हॉइस म्हणतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवून ६४ अक्षरी क्रमांक आणि क्यूआर मिळवायचा प्रकार आहे. तो १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या धंद्यांपासून सुरू झाला, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्यांना लागू आहे, तोही नोंदणीकृत ग्राहकांच्या आणि निर्यातीच्या बिलांपुरता. स्कूटरवर फिरणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. त्याने ॲपवरून पाठवलेली पीडीएफ म्हणजे साधं बिल, फक्त कागदाऐवजी पडद्यावर.

ग्राहक कोण आहे यावर मात्र खूप काही ठरतं. घरगुती ग्राहकांची बिलं विवरणपत्रात एकेक भरावी लागत नाहीत. कराच्या दरानुसार एकूण बेरीज दिली की झालं. म्हणजे महिन्याला दीडशे घरं करणाऱ्याच्या हिशेबनिसाला बुकाच्या पानांची बेरीज पुरते. दवाखाना, दुकान, बँकेची शाखा, छोटा कारखाना असे नोंदणी असलेले ग्राहक आले की चित्र पालटतं. त्यांचं प्रत्येक बिल ग्राहकाच्या १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांकासह वेगळं भरावं लागतं. हाताने लिहिलेल्या क्रमांकात शून्याचा 'ओ' होतो, पाचाचा 'एस' होतो. शेवटचं अक्षर पडताळणीचं असल्यामुळे बरं ॲप तिथल्या तिथे चूक पकडतं. बुक काही बोलत नाही. चूक कळते दोन महिन्यांनी, दवाखान्याच्या सीएचा "तुमचं बिल आमच्याकडे दिसत नाही" असा फोन आल्यावर. तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यांना तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची अशी बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवायची सोय आहे. ती वापरायची तर बिलं त्या तारखेपर्यंत हिशेबनिसाच्या हातात पडली पाहिजेत. बिल बुक बॅगेत आणि बॅग वाकडला, हिशेबनीस हडपसरला, तर ते कसं व्हायचं? सावंतवाडी-बांद्याकडून म्हापशाला कामाला जाणाऱ्यांची आणखी एक अडचण: गोव्यातल्या नोंदणीकृत हॉटेलाचा क्रमांक ३० ने सुरू होतो, आपला २७ ने, म्हणून कर आयजीएसटीच्या (परराज्यातल्या विक्रीवरच्या कराच्या) रकान्यात जायला हवा, आणि बहुतेक छापील बुकांत तो रकानाच नसतो.

मोबाइलच्या बाजूने एवढं बोलल्यावर त्याचे रोगही सांगायला हवेत. उंच इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसतं, म्हणून ऑफलाइन चालणारं ॲप घ्यावं, हा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच बरोबर आहे. हाताखालची दोन पोरं दोन फोनवर एकाच खात्यातून ऑफलाइन बिलं करत असली तर दोघांचे फोन आपापल्या परीने पुढचा क्रमांक देतात. संध्याकाळी नेटवर्क आलं की दोन '००८७' समोरासमोर येतात. काही ॲप त्यांतल्या एकाचा क्रमांक गुपचूप बदलतं, आणि ग्राहकाकडे गेलेल्या पीडीएफवर जुनाच राहतो. यावर उपाय एकच, प्रत्येक फोनला स्वतःची मालिका. 'ए', 'बी' अक्षरं त्यासाठीच. वर्षात एकापेक्षा जास्त मालिका चालवायला नियमांची हरकत नाही. फोन बदलून जुना बॅकअप टाकला तरी हाच घोळ होतो. बॅकअप तीन दिवसांपूर्वीचा असेल तर ॲप तीन दिवस मागे जाऊन तेच क्रमांक पुन्हा वाटतं. नवीन फोनवर पहिलं बिल करण्याआधी व्हॉट्सॲपवर शेवटचं पाठवलेलं बिल उघडून क्रमांक जुळवावा.

दुसरा रोग जास्त खोल आहे. कागदावर खोडलेलं दिसतं, मोबाइलवर दिसत नाही. महिनाभरापूर्वीचं बिल उघडून रक्कम बदलता येते आणि आपल्याकडे नवा आकडा, ग्राहकाकडे जुना. हिशेबाच्या नोंदी खोडू-गिरवू नयेत आणि संगणकावर ठेवत असाल तर प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, असं जीएसटीचे नियम सांगतात. ॲप निवडताना रंग आणि लोगो बघण्यापेक्षा हे बघावं: पाठवलेलं बिल बदललं तर त्याचा माग राहतो का, आणि सगळी बिलं एका एक्सेल फायलीत बाहेर काढता येतात का. दुसरी गोष्ट होत नसेल तर वर्गणी थकली त्या दिवशी आपली दुसरी प्रत परक्याच्या कुलपात. हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. फुकट ॲप सहा वर्षं टिकेल यावर मी पैज लावणार नाही. कागदालाही सहा वर्षं टिकवणं सोपं नाही म्हणा. कोकणातल्या माळ्यावर वाळवीला बिल बुक काय आणि जमिनीचे कागद काय, सारखेच.

व्हॉट्सॲप नसलेले ग्राहक अजून आहेत, विशेषतः एकटे राहणारे वयस्क. त्यांच्यासाठी खिशातला ब्लूटूथ थर्मल प्रिंटर असतो. ५८ मिमीच्या कागदावर तो साधारण ४८ मिमी रुंदीत छापतो, म्हणजे नेहमीच्या आकाराची ३२ इंग्रजी अक्षरं एका ओळीत. देवनागरी अक्षरं बहुतेक स्वस्त प्रिंटरांत नसतात. मराठी बिल चित्र म्हणून पाठवावं लागतं, तसं न करणाऱ्या ॲपमधून प्रश्नचिन्हांची रांग बाहेर येते. विकत घेण्याआधी 'श्री' आणि 'र्‍या' छापून बघावं. एक बिल १२ सेंमीचं धरलं तर १५ मीटरच्या रोलमध्ये सव्वाशे बिलं होतात. या कागदाला शाई लागत नाही, उष्णतेनेच अक्षर काळं होतं, म्हणून अकोला-नागपूरच्या मे महिन्यात डिकीत ठेवलेला रोल छापायच्या आधीच काळपटतो. छापलेलं बिल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ठेवलं की उलट उडत जातं. प्लास्टिकमधली रसायनं आणि सॅनिटायझर दोन्ही त्याचे वैरी. घरोघरी वॉरंटी कार्डाबरोबर बिलं नेमकी अशाच पाऊचमध्ये असतात. तेव्हा थर्मल बिल हातात देताना "याचा फोटो काढून ठेवा" हे सांगणं कामाचाच भाग समजावा.

पैसे यूपीआयने आले की बिल आणि पैसे यांची गाठ मारणं वेगळं काम होऊन बसतं. क्यूआरच्या स्टिकरवर बिल क्रमांक नसतो. ॲपने बिलागणिक क्यूआर दाखवला तर रक्कम आणि क्रमांक दोन्ही त्यातच जातात. कागदावर काम करणाऱ्याने १२ अंकी व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक दुसऱ्या प्रतीवर लिहावेत. पोरगा दारात आणि खातं मालकाच्या नावावर असेल तर ग्राहकाच्या पडद्यावरची हिरवी खूण पाहून निघू नये. तशी खूण दाखवणारी खोटी ॲपं बाजारात आहेत. मालकाच्या फोनवर जमा झाल्याचा संदेश येईपर्यंत हत्यारं आवरायला हरकत नाही. बँकेतून आलेल्या पैशाचा एक फायदाही आहे: प्राप्तिकरात अंदाजित उत्पन्नाच्या सोयीने विवरणपत्र भरणाऱ्याला अशा जमेवर किमान ६ टक्के नफा धरता येतो, रोखीवर ८ टक्के.

एएमसीत, म्हणजे वर्षभराच्या देखभाल करारात, दोन्ही पद्धती सारख्याच फसतात. वर्षाचे पैसे एकदा घेतले, बिल एकदा झालं, पुढच्या तीन भेटींना बिल नाही. म्हणजे काय केलं, गॅसचं प्रेशर किती होतं, फिन्स कशा होत्या, याची कुठेच नोंद नाही. त्यासाठी शून्य रकमेचं जॉब कार्ड करावं, ग्राहकाची सही घ्यावी आणि इनडोअर युनिटवरच्या स्टिकरचा, मॉडेल आणि अनुक्रमांक दिसेल असा, फोटो जोडावा. सोसायटीच्या खजिनदाराला मात्र पीडीएफ दाखवून भागत नाही. त्याला फायलीत लावायला सहीचा कागद हवा, आणि ५,००० रुपयांवरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप. वादात पडू नये, द्यावा.

माझं मत विचाराल तर, एकटा फिरणारा, ग्राहक जवळजवळ सगळे घरगुती आणि उलाढाल २० लाखांच्या बरीच आत, अशाने बिल बुक सोडायची घाई करू नये. रोज रात्री दिवसभराच्या दुसऱ्या प्रतींचे फोटो काढावेत आणि फोन नंबर, युनिट, बसवलेला भाग, तारीख एवढे चार रकाने एका शीटमध्ये भरावेत; दहा मिनिटांचं काम आहे. लिहायला लागणाऱ्या वेळाचाही उपयोग असतो. पेन चालत असताना ग्राहक शेजारी बसून विचारतो की हा भाग का गेला, पुन्हा जाईल का, आणि पुढचं काम बऱ्याचदा याच बोलण्यातून मिळतं. फोनमध्ये मान घातलेल्या माणसाला तसं कुणी विचारत नाही. पण हाताखाली दोन पोरं आली, नोंदणी असलेले ग्राहक महिन्याला आठ-दहा झाले, किंवा एएमसी पन्नासाच्या वर गेल्या, की मोबाइलला पर्याय नाही. बुकातून मागच्या मार्चची घरं शोधणं या आकड्यांना माणसाच्या आवाक्याबाहेर जातं.

तेव्हाही एक बुक बॅगेत असावं, फोन बंद पडला त्या दिवसासाठी. त्याला स्वतःचं अक्षर द्यावं, समजा 'के'. त्यावर फाडलेलं बिल घरी येऊन ॲपमध्ये नव्या क्रमांकाने पुन्हा करू नये, नाहीतर एकच विक्री दोनदा धरली जाते आणि कर दोनदा जातो. 'के' मालिकेतच, त्याच क्रमांकाने, त्याच तारखेने चढवावं.

३१ मार्चला अर्धं राहिलेलं बुक तिथेच थांबवावं, उरलेल्या पानांवर रेघ मारून बाजूला ठेवावं आणि ॲपमधल्या मालिकेचं वर्ष बदलावं. ते १ एप्रिलला सगळीकडे आपोआप बदलत नाही. नव्या बुकांची ऑर्डर मार्चच्या पहिल्या आठवड्यात टाकावी. त्यानंतर छापखान्यात लग्नपत्रिकांची रांग असते, आणि उन्हं वाढली की एसीवाल्यालाही तिकडे फिरकायला सवड मिळत नाही.